वानरं ऐकतात आपल्यासारखं, मग बोलत का नाहीत? (मेंदूवाले लोक या इकडे)

उजनीकाठ
मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतोय. मेव्हण्याची बार्शीकडे द्राक्षबाग आहे, मण्यात साखर भरायला लागली की वानरांची टोळी हजर. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ती वानरं, लाल तोंडाची माकडं नव्हे. परवा बांधावरच्या चिंचेवर सगळी बसलेली, काही पोरं खाली मांडवात शिरलेली. तेवढ्यात कुत्रं आलं. वरून एकाने खोकल्यासारखा आवाज काढला, खॅक्‌ खॅक्‌, की खालची पोरं मानसुद्धा न वळवता सरळ झाडावर. कुत्रं त्यांना दिसलंच नव्हतं हो, मधे पानांचा पडदा होता, निव्वळ आवाजावर पळाली. मग थोड्या वेळाने मोठा हुप्प्या कालव्याकडे तोंड करून हूप हूप करायला लागला आणि पलीकडच्या टोळीतनं उत्तर पण आलं.

तर ह्याला बोलणं म्हणायचं का? आवाज काढताना नि ऐकताना त्यांच्या मेंदूत आपल्यासारखंच काही होतं का? आणि दुसरं, मेव्हण्याने वाघाच्या डरकाळीचा भोंगा आणून लावलाय. सुरुवातीला पळाली, आता त्याच खांबावर बसून घड सोलतात. दुकानदार म्हणतो आवाज वाढवा.

कडकभाकरी
"दुकानदार म्हणतो आवाज वाढवा" लई भारी बे 😂 गड्ड्याच्या यात्रेत पाळणेवाले पण हेच करतात, शेवटी कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. पण कुणीतरी खरंच सांगा, मी बसलोय चहा घेऊन.

मज्जारज्जू
जुळे सोलापूरचाच आहे, सध्या शिकायला बाहेर, विषय जवळचा म्हणून लिहितो. लांबेल जरा.

आधी आवाज काढायचं बघू. ह्यातलं पायाचं काम झालं स्क्विरल मंकी नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या माकडावर, जर्मनीत, डेटलेव्ह प्लूग आणि उवे युर्गेन्स ह्यांच्या गटात, साधारण १९६० नंतर. मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून कुठे करंट दिला की आवाज निघतो हे त्यांनी जागोजाग तपासलं. मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल मधल्या भागात, एक पट्टा आहे, पेरिॲक्विडक्टल ग्रे, आपण पीएजी म्हणू. तिथे करंट दिला की माकड अगदी त्याच्या जातीचा खराखुरा आवाज काढतं, घोगरं काहीतरी नव्हे. आणि तो भाग निकामी झाला की माकड मुकं.

पीएजीच्या खाली, ब्रेनस्टेममध्ये (मेंदूचा मणक्याकडे जाणारा देठ), श्वास किती सोडायचा, जबडा किती उघडायचा, स्वरयंत्राचे पडदे किती ताणायचे ह्याची जुळणी होते आणि तिथल्या न्यूक्लियस ॲम्बिग्युअस नावाच्या गाठीतून स्वरयंत्राच्या स्नायूंकडे हुकूम जातो. पीएजीच्या वरच्या बाजूला भावनांशी जोडलेले भाग, अमिग्डाला, हायपोथॅलॅमस, आणि त्यांच्या वर ॲन्टीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स. ह्या सिंग्युलेटला इजा झाली तर माकड घाबरलं की ओरडतंच, पण बक्षिसासाठी शिकवलेला आवाज त्याला काढता येईनासा होतो, हे ऱ्हीसस (लाल तोंडाची एक जात) माकडांमध्ये १९७० च्या दशकात दिसलं.

म्हणजे हा झाला जुना रस्ता. सिंग्युलेट, पीएजी, ब्रेनस्टेम, घसा. हा आपल्यातही आहे, आपण कण्हतो, खदखदून हसतो, हंबरडा फोडतो ते ह्याच रस्त्याने.

आता गंमत. मेंदूच्या वरच्या सालीत, म्हणजे मोटर कॉर्टेक्समध्ये, स्वरयंत्र हलवणारी एक जागा माकडालाही असते. करंट दिला तर पडदे हलतात, पण आवाज काही निघत नाही. आणि ती जागा दोन्हीकडून काढून टाकली तरी माकडाच्या आवाजात काही फरक पडत नाही! माणसाची तीच जागा दोन्हीकडून गेली तर बोलणं पण जातं नि गाणं पण. कारण माणसात तिथून न्यूक्लियस ॲम्बिग्युअसपर्यंत थेट तंतू जातात, कॉयपर्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९५८ साली ते दाखवले. माकडात अशी थेट लाईन सापडत नाही, मधे थांबे घेत जावं लागतं.

तुमच्या वानरांवर, म्हणजे लंगूरांवर, असं इलेक्ट्रोडचं काम नाही. पण रचनेचा साधारण आराखडा एकच धरायला हरकत नाही.

मास्तर_निवृत्त
आम्ही वर्गात वेगळं सांगत असू. माकडाचं स्वरयंत्र घशात वर असतं, जीभ चपटी, म्हणून त्याला स्वर उच्चारता येत नाहीत. हा घशाचा दोष, मेंदूचा कुठून आला?

मज्जारज्जू
सर, ते पुस्तकात होतंच. फिलिप लीबरमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मेलेल्या ऱ्हीससच्या घशाचा साचा घेऊन गणित मांडलं होतं की ह्या नळीतून मोजकेच स्वर निघतील, आणि ते सगळीकडे छापलं गेलं. २०१६ मध्ये टेकुमसेह फिच, आसिफ गझनफर वगैरे लोकांनी जिवंत माकडाची एक्सरे फिल्म काढली, खाताना, जांभई देताना, ओठ चपचप करताना. एमिलियानो नावाचा मकाक होता, म्हणजे त्याच ऱ्हीससच्या गटातलं माकड. तो घसा जेवढे आकार घेऊ शकतो तेवढ्यातून कॉम्प्युटरवर आवाज तयार केला तर पाच वेगवेगळे स्वर आरामात निघाले, आणि त्याच घशातून एक अख्खं इंग्रजी वाक्य बनवून ऐकवलं, "माझ्याशी लग्न करशील का". जरा भुताटकी वाटते ऐकायला पण कळतं.

तेव्हा घसा अगदी आपल्यासारखा नाही, पण बोलण्यापुरता चालला असता. चालवणारा नाही.

कडकभाकरी
माकडाला बोलायला लावलं आणि पहिलं वाक्य लग्नाची मागणी. शास्त्रज्ञ पण सुट्टीवरचेच दिसतात.

मास्तर_निवृत्त
मान्य, पण पूर्ण नाही. अमेरिकेत हेज नावाच्या जोडप्याने १९४७ मध्ये जन्मलेलं विकी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरच्या मुलीसारखं वाढवलं, वर्षानुवर्षं शिकवून ती फक्त मामा, पापा, कप, अप एवढंच कसंबसं कुजबुजायची, तेही आधी ओठ हाताने धरून शिकवावं लागलं. घसा चालत असता तर एवढी मारामारी का?

मज्जारज्जू
तेच तर सर. पप्पाचा "प" ओठांचा, तो कसाबसा जमला. स्वरयंत्र मनासारखं चालू-बंद करणं, ओठांशी त्याचा ताल जुळवणं, हे जमलं नाही. हे हुकमतीचं काम आहे. आणि घशाचं काहीच नाही असंही नाही, २०२२ मध्ये ताकेशी निशिमुरा ह्यांच्या गटाने दाखवलं की बाकी माकडं-वानरांच्या स्वरतंतूंच्या कडेला एक पातळ पापुद्रा असतो, माणसात तो गळालाय. पापुद्र्यामुळे आवाज मोठा नि कर्कश होतो पण स्थिर राहत नाही, मधेच फाटतो. आपल्याला तो गेल्यामुळे एकसारखा सूर धरता येतो. थोडं घशाचं, जास्त मेंदूचं, असं म्हणू.

वाचा_आणि_चहा
मी सोलापुरातच वाचाउपचार करते, माझ्याकडे हे "दोन रस्ते" रोज येतात म्हणून राहवलं नाही.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या-तोंडाच्या हालचालीच्या भागात अटॅक आलेले पेशंट असतात, कमी असतात पण असतात. एक काका होते, अक्कलकोटकडचे. तोंड उघडा म्हटलं, उघडेना. जीभ बाहेर काढा, हलेना. शब्द तर नाहीच. सूनबाई बाजूला उभी, तिला वाटत होतं मामंजी मुद्दाम करतायत. तेवढ्यात त्यांना जांभई आली, आणि तोंड हे एवढं उघडलं, व्यवस्थित, दोन्ही बाजूंनी सारखं. सून माझ्याकडे बघायला लागली, बघा म्हणे, येतंय की उघडायला! नातवाने काहीतरी माकडचेष्टा केली तर खळखळून हसले सुद्धा, आवाजासकट. ह्याला फॉइक्स-शावानी-मारी सिंड्रोम म्हणतात. थेट रस्ता बंद, जुना चालू. घरच्यांना हे समजावण्यात माझा अर्धा वेळ जातो, की तो माणूस नाटक करत नाहीये.

पण एक खुलासा. लोक विचारतात की बाबांना पाणी म्हणता येत नाही पण शिव्या स्पष्ट येतात, हरिपाठ येतो, एक-दोन-तीन येतं, ते पण माकडाच्या रस्त्याने का? तसं सरळ नाही. शिवी असो की अभंग, ते शिकलेले शब्द आहेत, त्याला मेंदूची साल लागतेच, बहुतेक उजवा अर्धा भाग आणि बेसल गॅन्ग्लिया (मेंदूच्या आतल्या, सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या गाठी) जास्त मदत करतात. कण्हणं, हसणं, रडणं हे खरं त्या जुन्या रस्त्याचं.

साखरपेठ_बोली
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड, आणि बाजारात ती आपली सोलापुरी हिंदी. माझं चार वर्षांचं पोरगं आज्जीशी एक बोलतं, वॉचमनशी दुसरं, कुणी शिकवलं नाही. वानराचं पिल्लू दुसऱ्या जातीच्या टोळीत टाकलं तर शिकेल का त्यांची बोली?

मज्जारज्जू
हा प्रयोग झालाय. ओवेन आणि सहकाऱ्यांनी जपानी मकाकची पिल्लं ऱ्हीससच्या माद्यांकडे आणि ऱ्हीससची जपानी मकाककडे वाढवली, निष्कर्ष १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. दोन्ही जातींचे खाताना-खेळताना काढायचे आवाज वेगळे असतात. पिल्लं दत्तक घरात वाढली, सगळ्यात मिसळली, पण आवाज बहुतांशी जन्मजात जातीचेच काढत राहिली. उलट गंमत अशी की दत्तक आया त्या परक्या आवाजांना प्रतिसाद द्यायला शिकल्या. तुमच्या पोराच्या बरोब्बर उलटं, घरातले शिकले, पोर नाही.

स्क्विरल मंकीचं जन्मतः बहिरं पिल्लू, किंवा जातभाईंचा आवाज न ऐकता वाढलेलं पिल्लू, तेही जवळपास नेहमीचेच आवाज काढतं. माणसाचं बाळ ऐकू येत नसेल तर बोलणं आपोआप येत नाही, हे वाचा_आणि_चहा ताई जास्त सांगतील.

वाचा_आणि_चहा
हौ, म्हणून तर जन्मल्याबरोबर कानाची तपासणी करा म्हणून आम्ही डोकं फोडतो. बहिरं बाळ पण सुरुवातीला रडतं-हुंकारतं इतरांसारखंच, घरच्यांना शंकाच येत नाही. नंतर बडबड पुढे सरकत नाही तेव्हा येतात, तोवर मोलाचे महिने गेलेले असतात.

फवारणी_पंप
उजनीकाठ भाऊ, भोंगा सोडा, ड्रोन उडवा. आमच्याकडे फवारणीचा ड्रोन आला की वानरं वर बघत बसतात आणि ओरडतात.

मज्जारज्जू
फवारणी_पंप, तुम्ही नकळत फार मोठं सांगितलंत. आधी मागची गोष्ट सांगतो.

केनियात अंबोसेलीला व्हर्व्हेट माकडं आहेत. बिबट्या, गरुड आणि साप, तिघांसाठी इशारे वेगळे. १९८० मध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर ह्यांनी आवाज रेकॉर्ड करून झुडपात लपवलेल्या स्पीकरवरून वाजवले, आसपास कुठलाच शत्रू नसताना. बिबट्याचा इशारा वाजला की झाडावर, गरुडाचा वाजला की वर बघायचं नाहीतर झुडपात घुसायचं, सापाचा वाजला की मागच्या पायावर उभं राहून गवतात शोधायचं. तुमच्या मांडवातल्या पोरांनी कुत्रं न बघता जे केलं तेच. पिल्लं सुरुवातीला गरुडाचा इशारा उडत्या कुठल्याही गोष्टीला देतात, झाडाचं पान गळलं तरी, मोठं होता होता नेमकं कुणाला द्यायचा ते कळतं. आवाज जन्माचा, वापर शिकलेला.

आता ड्रोन. सेनेगलमध्ये व्हर्व्हेटची चुलत जात आहे, ग्रीन मंकी. ती बिबट्याला नि सापाला ओरडतात पण गरुडाचा वेगळा इशारा त्यांच्यात कधी ऐकला नव्हता. युलिया फिशर ह्यांच्या गटाने त्यांच्यावरून ड्रोन उडवला, २०१९ चं काम. माकडांनी आवाज काढला तो ह्या टोळ्यांमध्ये आधी न ऐकलेला, आणि मोजून बघितला तर हजारो मैलांवरच्या केनियातल्या व्हर्व्हेटच्या गरुडाच्या इशाऱ्याशी जुळणारा! म्हणजे आवाज आत तयारच पडलेला होता. आणि नंतर नुसता ड्रोनचा आवाज लपवलेल्या स्पीकरवरून ऐकवला तर माकडं वर आकाशाकडे बघायला लागली, एखाद-दुसऱ्या वेळेतच अर्थ शिकली. काढायच्या बाजूला कुलूप, ऐकायच्या बाजूला दार उघडं.

मास्तर_निवृत्त
हे "ऐकायची बाजू आपल्यासारखी" जरा पुराव्यानिशी सांगा. वागणं दिसलं, मेंदू कुठे दिसला?

मज्जारज्जू
रास्त आहे सर.

माणसात २००० साली पास्कल बेलां ह्यांनी एफएमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं स्कॅन मशीन) दाखवलं की कानाच्या वरच्या बाजूच्या टेम्पोरल भागात काही पट्टे इतर आवाजांपेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त पेटतात. गाडीचा हॉर्न, घंटा ह्यांना तेवढं नाही. २००८ मध्ये ख्रिस्टोफर पेटकोव्ह आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडांना मशीनमध्ये घालून तेच केलं, आणि त्यांच्यातही स्वजातीच्या आवाजाला जास्त पेटणारी जागा सापडली, टेम्पोरलच्या पुढच्या भागात. कोणाचा आवाज आहे ह्यातला फरकही तिथे पकडला जातो.

त्याच्या आधी, १९८४ मध्ये, हेफनर दांपत्याने जपानी मकाकना त्यांच्याच "कू" आवाजाच्या दोन प्रकारांतला फरक ओळखायला शिकवलं. डावीकडचा श्रवणाचा भाग काढला तर ओळख गडबडली, हळूहळू परत आली. उजवीकडचा काढला तर काही झालं नाही. दोन्हीकडचा काढला तर कायमची गेली. डाव्या बाजूचं हे वजन बघून भाषावाले लोक उगाच खूश झाले नव्हते.

शिवाय जोसेफ राउशेकर ह्यांच्या गटाचं २००१ चं काम, श्रवणाच्या भागाला लागून पुढच्या बाजूच्या पेशी "हा कुठला आवाज" ह्यावर जास्त नेमक्या आणि मागच्या बाजूच्या "कुठून आला" ह्यावर. पुढून निघालेली वाट कपाळामागच्या भागात जाते, तिथेही आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. चेहरा नि आवाज जुळवणं पण येतं, ऱ्हीससपुढे दोन व्हिडिओ ठेवले, एकात तोंड "कू" करणारं, दुसऱ्यात धमकावणारं, आणि आवाज एकच वाजवला, तर ते जुळणाऱ्या तोंडाकडे जास्त वेळ बघतात.

साखरपेठ_बोली
आणि स्वतः ओरडताना स्वतःचा आवाज ऐकू येतो का त्यांना? म्हणजे आवाज तर केवढा मोठा असतो.

मज्जारज्जू
भारी प्रश्न. मार्मोसेट म्हणून ब्राझीलकडची हातात मावतील एवढी माकडं असतात, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीव्हन एलियाडेस आणि शाओचिन वांग ह्यांनी त्यांच्या श्रवण-कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रोड ठेवून माकड बडबडत असताना रेकॉर्डिंग केलं. बऱ्याचशा पेशी ओरडताना गप्प होतात, आणि आवाज बाहेर पडायच्या आधीच गप्प व्हायला लागतात. म्हणजे "आता मी ओरडतोय" ही खबर आतूनच येते. मग २००८ मध्ये त्यांनी माकडाचा स्वतःचा आवाज त्याच्याच कानात थोडा सूर बदलून सोडला, तर ह्याच दबलेल्या पेशी जाग्या झाल्या. नुसता कान बंद केलेला नाही, "मी काढला तोच आवाज आला का" हे तपासणं चालू आहे. आपल्यातही बोलताना तसंच होतं.

जीवदया_सोलापूर
सगळं ऐकतेय. करंट दिला, भाग काढून टाकला, बहिरं केलं, आणि वर स्मायली. ज्या जनावराला आपल्यासारखं ऐकू येतं, समजतं असं तुम्हीच सिद्ध करताय त्यालाच खुर्चीला बांधून? आणि मग विचारायचं ते बोलत का नाही.

मज्जारज्जू
ताई, ह्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. जुन्या प्रयोगांतले बरेच आज कुठली समिती मंजूर करणार नाही. जर्मनीत टुबिंगेनला, जिथे पेटकोव्ह ह्यांचं काम झालं, तिथल्या विभागाचे प्रमुख निकोस लोगोथेटिस ह्यांनी मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये माकडांवरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. हल्ली मार्मोसेटमध्ये वायरलेस रेकॉर्डिंगने माकड मोकळं फिरत असताना बरंच कळतं. पण इलेक्ट्रोड हा इलेक्ट्रोडच.

वाचा_आणि_चहा
मला दोन्ही बाजू टोचतात. ते काका तोंड का उघडू शकत नाहीत हे मी सुनेला सांगू शकले त्यातला काही भाग त्या माकडांकडून आलाय. म्हणून ते बरोबर होतं असंही म्हणणार नाही.

जीवदया_सोलापूर
एवढं कबूल केलंत तरी पुरे. स्पीकर लपवून केलेले प्रयोग मात्र मला आवडले, त्यात कुणाचं काही गेलं नाही.

उजनीकाठ
त्यावरून आठवलं, भोंग्याचं राहिलंच की. आवाज वाढवू का नको?

मज्जारज्जू
नको 😄 त्यावर पण चेनी-सेफार्थनी काम केलंय, १९८८ चं. "लांडगा आला रे आला" व्हर्व्हेटमध्ये चालतं का हे बघितलं. दुसरी टोळी दिसली की ही माकडं दोन वेगवेगळे आवाज काढतात, ऐकायला अगदी वेगळे पण अर्थ साधारण एक. एकाच माकडाचा एक आवाज उगाच परत परत वाजवला, टोळी बिलकूल नसताना. बाकीच्यांनी लक्ष द्यायचं सोडलं. मग त्याच माकडाचा दुसरा आवाज वाजवला, तर त्याच्याकडेही दुर्लक्ष! पण आवाज दुसऱ्या माकडाचा असेल तर लक्ष दिलं. आणि बिबट्याच्या इशाऱ्यावर खोटा पडलेला गडी गरुडाचा इशारा द्यायला लागला तर तोही मनावर घेतला. म्हणजे कोण बोलतंय नि कशाबद्दल, दोन्हीचा हिशेब ठेवतात.

तुमचा भोंगा एकाच खांबावरून एकच डरकाळी देणारा गडी आहे, आणि वाघ एकदाही आलेला नाही.

नान्नजचा_माळ
आमच्याकडे खरे लांडगे आहेत, वाघ नाही, त्यामुळे डरकाळी कसली ते त्यांना माहीत पण नसेल. भोंगा लावायचाच तर रोज जागा हलवा, वेळ ठरलेली ठेवू नका, आवाजाबरोबर कुत्रं नाहीतर माणूस खरंच यायला पाहिजे. बाकी जाळी हाच पक्का इलाज. आणि फटाके-गलोल-विष असलं काही करू नका, वानर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, वनखात्याला कळवा.

मास्तर_निवृत्त
मज्जारज्जू, एक शंका शेवटची. कुलूप-कुलूप म्हणताय, मग मार्मोसेटबद्दल अलीकडे वाचलं की एकमेकांना नावाने हाक मारतात. त्याचं काय?

मज्जारज्जू
सर, तिथेच माझ्या "कुलूप"ला तडा जातो, आणि मला ते आवडतं. मार्मोसेट एकमेकांना दिसेनासे झाले की "फी" असा लांब शिट्टीसारखा आवाज देतात आणि आळीपाळीने देतात, एकाचं संपून काही सेकंद गेले की दुसरा. पिल्लांचा आवाज सुरुवातीला चिरकाफाटका असतो, आणि २०१५ मध्ये दिसलं की आई-बाप जितका जास्त उत्तर देतात तितका लवकर तो मोठ्यांसारखा होतो. २०२४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या डेव्हिड ओमर ह्यांच्या गटाने दाखवलं की "फी" कुणाला उद्देशून आहे त्यानुसार तिचा घाट बदलतो, ऐकणाऱ्याला आपल्यासाठीची ओळखता येते, आणि एका कुटुंबातल्यांच्या हाका एकमेकांसारख्या असतात.

आणि ऱ्हीससमध्ये, स्टेफन हागे आणि आंद्रेआस नीडर, २०१३. माकडांना पडद्यावर खूण दिसली की "कू" करायला शिकवलं. माणसात बोलणं जुळवणारा ब्रोकाचा भाग जिथे असतो त्याच्या जोडीच्या भागात अशा पेशी सापडल्या ज्या खुणेवर काढलेल्या आवाजाआधी चालू होतात, पण आपसूक काढलेल्या आवाजाआधी होत नाहीत. म्हणजे वरच्या सालीला घशापर्यंत अजिबात हात नाही असं नाही, बारीकसा आहे. किती नि कसा, ह्यावर सध्या खरी भांडणं चालू आहेत.

माझं मत विचाराल तर नवीन आवाज घडवणं, जे साखरपेठच्या पोराला सहज येतं, ते माकडात अजून दिसलेलं नाही. असलेला आवाज वाकवणं, वेळ साधणं, कुणाला काढायचा ते ठरवणं, हे दिसलंय.

मास्तर_निवृत्त
म्हणजे माझं पूर्ण चूक नाही, तुमचं पूर्ण बरोबर नाही. चालेल.

उजनीकाठ
लई शिकलो राव. अजून एक बघितलेलं सांगतो. एखादं पिल्लू लांब कुठे किंचाळलं की टोळीतल्या दोघी-तिघी माद्या पिल्लाकडे न बघता आपल्यातल्याच एका मादीकडे बघतात. मेव्हणा म्हणतो ती त्याची आई असणार. खरं की काय?

मज्जारज्जू
मेव्हण्याला संशोधनात घ्या. व्हर्व्हेटमध्ये नेमकं हेच १९८० मध्ये तपासलंय. दिसत नसलेल्या पिल्लाची किंकाळी स्पीकरवर वाजवली, आई आवाजाकडे वळली, आणि बाकीच्या माद्यांनी आईकडे बघितलं, बऱ्याचदा आई काही करायच्या आधीच. आवाजावरून पिल्लू, पिल्लावरून आई.

बोत्सवानाच्या ओकावांगोत बबून नावाच्या मोठ्या माकडांमध्ये तर त्याच्याही पुढे. २००३ चं काम. खालच्या दर्जाची मादी धमकावतेय आणि वरच्या दर्जाची किंचाळतेय असे आवाज जोडून वाजवले, म्हणजे प्रत्यक्षात सहसा न होणारं भांडण. ऐकणाऱ्या जास्त वेळ स्पीकरकडे बघत राहिल्या. आणि ते भांडण दोन वेगळ्या घराण्यांमधलं असेल तर अजूनच जास्त, एकाच घरातल्या दोघींचं असेल तर तेवढं नाही.

कडकभाकरी
सून सासूला झापतेय म्हटल्यावर अख्खी चाळ खिडकीत येते, तसलंच की बे.

साखरपेठ_बोली
आमच्या चाळीत तीन भाषांत येते.

उजनीकाठ
मेव्हण्याला धागा वाचून दाखवला. भोंगा काढलाय, जाळीचा भाव विचारायला उद्या मार्केट यार्डात जातोय. कुणाच्या ओळखीचं असेल तर व्यनि करा, एकरी काय पडतं ते पण सांगा.